माशांच्या पेटीवरची तिसरी बत्ती

कोलडोंगरीच्या बैठ्या चाळीतल्या घाडींच्या खोलीत माशांची पेटी आली, तेव्हा शेवंतीने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हिला ठेवायची कुठे आणि हिच्यासाठी घराबाहेर जायचं कोणी. प्रश्न अगदी रास्त होता. दहा बाय बाराची खोली, तीन माणसं, लोखंडी कपाट, शिवणयंत्र, घडीची कॉट. त्यात ही दोन फूट लांबीची, पाण्याने भरायची काच. पण शिवदास घाडीने बायकोच्या प्रश्नांना उत्तरं देणं केव्हाच सोडून दिलं होतं. त्याने शिवणयंत्र कॉटच्या पायथ्याशी ढकललं, त्या जागी विटांवर कडाप्प्याची लादी टाकली आणि पेटी तिच्यावर ठेवून दिली.

पेटी स्टुडिओतून आली होती. शिवदास लाईटमन होता. अंधेरीतल्याच एका स्टुडिओत सव्वीस वर्षं. एका सिनेमात नायकाच्या बंगल्याचा सेट लागला होता आणि दिवाणखान्यात शोभेला म्हणून ही पेटी मांडली होती. आठ दिवसांत बंगला मोडला. सोफे, झुंबर, जिना, सगळं गोदामात गेलं. माशांचं काय करायचं ते मात्र कोणी ठरवलं नव्हतं. सामानवाला पेटी गटारात उपडी करायला निघाला, तेवढ्यात शिवदास वरून उतरला. वरून म्हणजे तराप्यावरून. सेटच्या भिंतींच्या वर दोरखंडांनी फळ्या टांगलेल्या असतात, त्या फळ्यांना तरापा म्हणतात. त्याच्यावर दिवे, आणि दिव्यांच्या मागे माणसं. सिनेमा बघणाऱ्याला ही माणसं कधी दिसत नाहीत, आणि दिसली तर त्यांची नोकरी जाते.

त्या दिवशी त्याने मासे वाचवले ते काही फार दयाळू होता म्हणून नव्हे. आठ दिवस त्याच माशांवर त्याने वरून दिवा धरला होता. एवढी मेहनत केलेली वस्तू गटारात जायची, हे त्याच्या जिवाला लागलं. आपण उजळलेल्या वस्तूंबद्दल त्याला हा असला लोभ नेहमीच वाटायचा. नट्यांबद्दलही वाटायचा, पण त्या घरी आणता येत नाहीत.

तर पंच्याऐंशी साली पेटी घरात आली आणि वर्षभरात तिची बाग झाली. मरोळच्या गावठाणात लुईस नावाचा एक म्हातारा होता. अंगणातल्या सिमेंटच्या हौदांत मासे वाढवायचा, पाण्यातली झाडं वाढवायचा. शिवदास दर रविवारी त्याच्याकडे जाऊन एखादं रोप ओल्या कागदात गुंडाळून आणायचा. मागच्या बाजूला फितीसारख्या लांब पानांची झाडं, मध्ये रुंद पानांचं एक दांडगं झुडूप, पुढे बारीक गवत. पाण्यात हात घालण्याआधी दिव्याचा प्लग काढायचा, रोप बोटांनी रेतीत खोचायचं, मुळं झाकायची. शेवंती नाक मुरडायची, आणि मुलगी अनुपमा कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी पेटीपुढे उभी राहायची. अनुपमा सीप्झमधल्या एका कारखान्यात भिंगाखाली बारीक तारा जोडायचं काम करत होती. दिवसभर भिंगातून बघून आलं की हिरवं बघावंसं वाटतं, असं ती म्हणायची.

उजेडाला तेव्हा पत्र्याच्या झाकणात एक चाळीसचा पिवळा बल्ब होता. मासे त्यात बरे दिसायचे, पण झाडं हळूहळू पिवळी पडायला लागली. लुईसने सांगितलं, "अरे, बल्ब काढ नि ट्यूब लाव. झाडाला पांढरा उजेड लागतो. बल्बचा उजेड तुझ्यासाठी हाय, झाडासाठी नाय."

आता दिव्याबद्दल शिवदास घाडीला कोणी सांगावं! त्याने एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खपून नवं झाकण बनवलं. प्लायवूडची चौकट, आतून सिगारेटच्या पाकिटांतली चंदेरी वेष्टणं नीट ताणून चिकटवलेली, म्हणजे उजेड वर फुकट न जाता खाली परतेल. दोन फुटी ट्यूब. चोक पाण्यापासून लांब, भिंतीवर. पाण्याची वाफ होल्डरला लागू नये म्हणून मध्ये एक काच. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली, तेव्हा शेवंतीसुद्धा चुलीपाशी वळून म्हणाली, "अगो बाय, ह्या तर बाहेरचा ऊन इला."

महिन्याभरात झाडांनी अंग धरलं. रुंद पानांच्या झुडपाला नवी कोवळी पानं आली. शिवदास रोज सकाळी चहाचा कप घेऊन पेटीपुढे बसायचा आणि नवी पानं मोजायचा. सव्वीस वर्षांत त्याने लावलेल्या दिव्याखाली काही उगवलं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. ते दिवस त्याच्या आयुष्यातले बरे दिवस होते, आणि बरे दिवस ओळखायचीही त्याला सवय नव्हती.

मग एके दिवशी त्याला पानं मोजता येईनात.

खरं म्हणजे एके दिवशी असं काही झालं नव्हतं. वर्ष-दीड वर्ष हे चाललेलंच होतं. ज्या वस्तूकडे नजर लावावी तीच नेमकी पुसट व्हायची. आजूबाजूचं ठीक दिसायचं. मधोमध मात्र मळलेल्या बोटाचा ठसा उमटल्यासारखं. वर्तमानपत्र त्याने आधीच सोडलं होतं, त्यात काय असतं म्हणून. बसचा नंबर तो शेजारच्याला विचारायचा. तेवढं कोणीही विचारतं. पण तराप्यावर विचारून चालत नाही.

तराप्यावरचं काम हाताच्या खुणांवर चालतं. खाली कॅमेरामन उभा असतो. सुतारांची ठोकाठोक, नाचाच्या मुली, निर्मात्याचे पाहुणे, एवढ्या गलक्यात वर आवाज पोचत नाही. म्हणून तो हात वर करतो. मूठ आवळली की किरण आवळायचा, बोटं पसरली की पसरायचा, तळहात उलटा केला की दिव्याच्या झडपा मिटायच्या. शिवदासने या खुणा पंधरा कॅमेरामनांच्या हातांवर वाचल्या होत्या. काही जण नुसतं करंगळीवर काम भागवायचे, तेही त्याला कळायचं. आता खाली एक पांढरा शर्ट दिसायचा आणि हाताच्या जागी तो मळका ठसा.

शेजारच्या दिव्यावर खंडू असायचा, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, गप्प स्वभावाचा माणूस. एकदा शिवदासने पसरायच्या जागी किरण आवळला आणि खालून आईवरून शिवी आली. दुसऱ्या वेळेपासून खंडू आपल्या दिव्याकडेच बघत, ओठ न हलवता पुटपुटायला लागला. "मूठ." "पसर." "झडप, डावी." दोघांत यावर कधी एक शब्द बोलणं झालं नाही. शिवदासने आभार मानले नाहीत आणि खंडूने ऐकवलं नाही. पुरुषांमध्ये असं खूप काही न बोलता चालतं आणि पुष्कळदा त्यातच वाट लागते.

सांताक्रूझच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो कोणाला न सांगता जाऊन आला. डॉक्टरने डोळ्यांत थेंब टाकले, बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "काम काय करता?"

"लाईटमन. सिनेमात."

"त्या मोठ्या दिव्यांकडे बघावं लागतं?"

"कार्बनच्या दिव्यातल्या कांड्या जळून आखूड होतात. बघितल्याशिवाय त्या पुढे कशा सारणार, साहेब?"

डॉक्टर म्हणाला, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कशाने ते आता सांगता येत नाही. चष्म्याने होणार नाही, ऑपरेशननेही नाही. आहे ते जपा. शिवदास खुर्चीवरून उठला नाही, तेव्हा त्याला काहीतरी द्यायला हवं म्हणून डॉक्टरने आणखी एक वाक्य दिलं. "घरात उजेड चांगला ठेवा. भरपूर उजेडात त्यातल्या त्यात बरं दिसेल."

बाकी सगळं शिवदासने सांताक्रूझलाच सोडून दिलं आणि हे एक वाक्य तेवढं घरी आणलं.

पेटीवर दुसरी ट्यूब चढली. शेवंतीला आणि अनुपमाला त्याने सांगितलं, की झाडांना उजेड कमी पडतोय. हे तो इतक्या ठामपणे म्हणाला की त्याला स्वतःलाही ते पटलं. दोन ट्यूबांच्या उजेडात त्याला मोठं झुडूप दिसलं, काळ्या मोली माशाचं काळेपण दिसलं, आणि दोन चपट्या, पट्ट्यापट्ट्यांच्या एंजल माशांचे लांब पंखही दिसले. त्याला वाटलं, जमलं. सकाळी सहाला तो ट्यूबा लावायचा आणि झोपायला जातानाच बंद करायचा.

दीड महिन्यात काचेवर हिरवा थर धरला. त्याने तो जुन्या ब्लेडने खरवडला. आठवड्यात परत धरला. पानांच्या कडांना काळ्या केसांसारखं शेवाळ लोंबायला लागलं. हे त्याला दिसत नव्हतं; त्याला फक्त पेटी परत अंधारी झालेली दिसत होती. रविवारी तो लुईसकडे गेला आणि म्हणाला, "ट्यूबा जुन्या झाल्या असतील. उजेड पडत नाही."

लुईसने विचारलं, "किती तास जाळतोस?"

"सकाळी लावतो, रात्री बंद."

"येडा हायस काय रे? झाडाला झोप नको? आठ-नऊ तास पुरे. एक ट्यूब काढ." मग म्हाताऱ्याने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. "पाणी कसं दिसतं? हिरवं?"

"बरं दिसतं," शिवदास म्हणाला.

"शेवाळ?"

"थोडं."

 लुईसने हौदातून गोगलगायी काढून एका डब्यात घातल्या, शेवाळ खातील म्हणून दिल्या. परत जाताना शिवदासला भयंकर थकवा आला. मरोळपासून कोलडोंगरी काही लांब नाही, रोजचं चालणं. पण त्या दिवशी तो वाटेत दोन वेळा कुंपणाच्या भिंतीवर बसला. एक ट्यूब काढायची म्हणजे पेटी बंद करण्यासारखंच होतं. आणि पेटी दिसेनाशी झाली तर मग दिसत नाही हे खरं धरावं लागणार होतं. पेटीपुढे बसून जोवर काहीतरी ओळखू येत होतं, तोवर तो तराप्यावर चढायला मोकळा होता. त्याने स्वतःशी हिशेबच तसा बांधून ठेवला होता. खाली माणसं असतात, डोक्यावर दहा-दहा किलोचे दिवे असतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्यानेच इतरांना शिकवलं होतं.

तिसरी बत्ती आली ती अशी. स्टुडिओच्या भंगारात एका छोट्या दिव्याचं घर पडलं होतं. बेबी म्हणतात त्या दिव्याला. समोर जाड भिंग, बाजूला झडपा. आतलं सगळं जळालेलं. भांडारवाल्याला विचारून ते त्याने उचललं, गंज घासला, आत दोनशेचा बल्ब बसवला. रविवारी सकाळी नऊ वाजता छताच्या वाशाला लोखंडी पट्टी ठोकून बेबी बरोबर पेटीच्या डोक्यावर आणला, ट्यूबांचं झाकण आणि त्यातली काच काढून ठेवली आणि बटण दाबलं.

शेवंतीने डोळ्यांवर हात धरला. "ह्या काय? शूटिंग आसा काय घरात?"

"झाडांका व्हया."

"झाडांका व्हया, झाडांका व्हया! माझ्या कपाळाक लाव एक बत्ती," असं म्हणून ती पिशवी घेऊन बाजारात आणि तिथून दिवसभरासाठी नातेवाइकांकडे निघून गेली. अनुपमा मैत्रिणीकडे कांदिवलीला गेली होती.

शिवदास एकटा पेटीपुढे बसला. आणि काय सांगावं, त्याला दिसलं! झुडपाचं एकेक पान सुटं दिसलं. सावल्या पडल्या, रेती चमकली. त्याने झडप थोडी मिटून किरण मागच्या झाडांवर नेला, पुन्हा पुढे आणला. हात आपोआप चालत होते. दुपारी त्याने जागचं न उठता चहाबरोबर पाव खाल्ला. बाहेर चाळीतली पोरं ओरडत होती, कोणाच्या तरी रेडिओवर क्रिकेट चाललं होतं, आणि तो आपल्या पेटीला उजळत बसला होता. कितीतरी महिन्यांनी त्याला भीती वाटत नव्हती.

तीनच्या सुमाराला मासे वर जमायला लागले. सगळेच, गप्पी, मोली, एंजल. पाण्याच्या वरच्या थरावर त्यांची हालचाल त्याला जाणवली. खायला मागतायत, त्याला वाटलं. त्याने डबी उघडून चिमूटभर खाणं टाकलं. ते तिथेच राहिले. त्याने आणखी एक चिमूट टाकली. आज माशांनाही उजेडाने भूक लागली, असं मनात येऊन त्याला हसू आलं.

साडेतीनला अनुपमा आली. दारातच थबकली. मग पिशवी टाकून धावली आणि पेटीत हात घातला.

"बाबा, पाणी कढत झालंय!"

"अगो, खायला मागतायत ते."

"मागत नाहीत, बाबा, गुदमरतायत! तोंडं बघा ना त्यांची!"

तिने बटण बंद केलं. माठातलं पाणी तांब्या-तांब्याने ओतलं, अर्धं जमिनीवर. एक एंजल आडवा झाला होता. तिने त्याला तळहातावर धरून गार पाण्याखाली पुढे-मागे केलं. तो हलला नाही. दुसरा झुडपाच्या मुळाशी सापडला. पाण्यावर न खाल्लेल्या खाण्याचा लगदा तरंगत होता. तेव्हा कुठे अनुपमाने वडिलांकडे पाहिलं. ते पेटीच्या समोर, हातभर अंतरावर बसले होते. सकाळपासून तिथेच बसले होते.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला हे दिसलं नाही?"

 आयुष्यभर शिवदासने कसली ना कसली सबब रेटून नेली होती. आज रेटली नाही. खाण्याची डबी अजून हातात होती, तिचं झाकण त्याने लावलं.

सोमवारी तो कामावर गेला, कारण पाय सवयीने तिकडे गेले. शिडी चढला. सेट एका हवेलीचा होता, मोठा जिना, खाली पन्नासेक माणसं. आपल्या दिव्यामागे उभा राहून त्याने खंडूला म्हटलं, "आज मला काही सांगू नको."

खंडूने मान वर केली. "का रे?"

"नको सांगू म्हणतो ना."

खाली कॅमेरामनचा पांढरा शर्ट फिरत होता. हात वर गेला असणार; आजूबाजूचे दिवे हलले, कोणाचा आवळला, कोणाचा पसरला. शिवदास दिव्याच्या मुठीवर हात ठेवून थांबला. त्याने मुद्दामच हात हलवला नाही. आता खालून शिवी येईल. आली की उतरायचं, एवढं त्याने रात्रभर घोकलं होतं. एवढ्या वर्षांत एकही चुकलेला दिवा त्याने शिवीशिवाय सुटलेला पाहिला नव्हता.

शिवी आली नाही. शांतता झाली, शॉट सुरू झाला, संपला. "ओके," खालून आवाज आला. पुढच्या शॉटलाही त्याने हात हलवला नाही. तोही ओके झाला.

शिवदास सावकाश खंडूकडे वळला. "माझा लाईट कुठे पडतोय रे?"

खंडू आपल्या दिव्याचा स्क्रू फिरवत राहिला.

"खंडू. कुठे पडतोय?"

"जिन्याच्या पलीकडे."

"जिन्याच्या पलीकडे काय आहे?"

"काही नाही. सेटच्या मागची बाजू. कॅमेऱ्यात येत नाही ती."

"कधीपासून?"

"गणपतीपासून." खंडूने स्क्रू सोडला. "प्रत्येक सेटला. मुख्याने, चंद्रप्रकाशने सांगितलं होतं, शिवादादाला बाजूचा दिवा द्या."

गणपतीपासून म्हणजे सहा महिने. शिवदासने मनातल्या मनात ते सेट आठवले. देऊळ, कोर्ट, हॉस्पिटल, दोन नाचगाणी. त्या सगळ्यांत त्याने घाम गाळून भिंतीच्या मागची बाजू उजळली होती. "आणि तू मला मूठ सांगायचास, पसर सांगायचास, त्या खुणा कोणाच्या?"

"कोणाच्याच नाहीत," खंडू म्हणाला. "तुझं मन मोडू नये म्हणून. यार शिवा, रागावू नको."

शिवदास रागावला. खूप रागावला, पण कोणावर ते त्याला ठरवता येईना. तो शिडी उतरला. चंद्रप्रकाश, लाईटखात्याचा मुख्य, केबलच्या ढिगाशी उभा होता. वीस वर्षांपूर्वी तो कामाला लागला तेव्हा शिवदासने त्याला कार्बन सारायला शिकवलं होतं. त्याला उतरताना बघून चंद्रप्रकाशच्या चेहऱ्यावर काय आलं हे शिवदासला दिसलं नाही. 

"उद्यापासून मी वर जाणार नाही," शिवदास म्हणाला. "केबल गुंडाळीन. जमेल तोवर."

"दादा, तुम्हाला कोणी काही बोललं का?"

"नाही. तेच म्हणतो मी. कोणी तरी बोलायचं होतं रे." त्याने वर तराप्याकडे बोट केलं. "माझ्या हातून दिवा खाली पडला असता तर? मन माझं राखलंत. डोकं कोणाचं फुटलं असतं?"

चंद्रप्रकाश म्हणाला, "तुमचा दिवा आम्ही साखळीने बांधून ठेवायचो, दादा. तुम्ही येण्याआधी."

 शिवदासने जमिनीवर बसून केबलचं एक वेटोळं उचललं आणि संध्याकाळपर्यंत, हाताच्या अंदाजाने, वेटोळी घालत राहिला. काम सोपं होतं. अंग मात्र मोडून निघालं.

घरी आला तेव्हा शेवंती भाकऱ्या भाजत होती. अनुपमा अजून यायची होती, पण कालच्या रात्री दोघी काय बोलल्या असतील ते शेवंतीच्या गप्प बसण्यावरूनच कळत होतं. बेबी कोणीतरी वाशावरून उतरवून कॉटखाली सारला होता. पेटीवर झाकण परत बसलं होतं आणि त्यात एकच ट्यूब चालू होती.

तो पेटीपुढे बसला. हिरवट, पुसट काहीतरी. मध्ये डाग. त्याने बराच वेळ पाहायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

"शेवंते," तो म्हणाला, "काय दिसता गो ह्येच्यात?"

ती भाकरी उलटत तिथूनच म्हणाली, "सगळा बरा आसा. मासे खेळतत."

"नि झाडां?"

"झाडां? हिरवीगार आसत."

आवाजात माया होती, नाही असं नाही. पण असा आवाज तो दिवसभर ऐकून आला होता. गेले सहा महिने ऐकत होता, फक्त त्याला ठाऊक नव्हतं. 

"शेवंते, तू तरी माका खोटा सांगू नको."

तवा उतरवल्याचा आवाज झाला. मग हात पुसत ती आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. दोन वर्षांत ती या पेटीपुढे एकदाही बसली नव्हती. तिने चेहरा काचेला अगदी लावला.

"गप्पी पाच आसत," ती म्हणाली. "काळो मासो एकच, तो पण कोपऱ्यात उभो रवलोहा. एंजल दोनय गेले, ता तुमका ठावक आसा. काचेर शेवाळ आसा. मोठ्या झाडाच्या पानांक काळे केस इलेत, खालची पाना कुसली."

शिवदास मान खाली घालून ऐकत होता.

"पण मदी," ती काचेवर बोट ठेवून म्हणाली, "एक पान नवा येता. गुंडाळलेला आसा अजून. करंगळीएवढा."

"खंयच्या बाजूक?"

तिने त्याचा हात धरला आणि बोट काचेवर नेऊन त्या जागी टेकवलं.

"हां," शिवदास म्हणाला. "आता दिसला. पुढे सांग."